खेळण्यातल्या आगगाडीची तुटलेली तार: शोधण्यापासून जोडण्यापर्यंत

2 जून 2024, रविवार. दुपारी चारच्या सुमारास आमच्या हॉलमधली पुणे–लोणावळा लोकल कामशेतला थांबली आणि पुन्हा हललीच नाही. कामशेत म्हणजे टीव्हीच्या टेबलाचा मागचा पाय. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला शिवाजीनगर, खडकी, दापोडीपासून थेट मळवली, लोणावळ्यापर्यंतची सगळी स्टेशनं क्रमाने येतात. प्रत्येक स्टेशनावर गाडी हाताने धरून थांबवायची, घोषणा करायची आणि मग सोडायची, असा त्याचा शिरस्ता. त्या दिवशी त्याने सोडली तरी ती उभीच राहिली.

पुढे जवळजवळ महिनाभर गाडी बंद होती. त्या महिन्यात जे जे केलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. मी वाणिज्य शाखेची, नोकरी हिशेबाची. सोल्डरिंग, म्हणजे सोल्डर हा मऊ धातू वितळवून तार जोडायचं काम, करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. खेळणं उघडलं तर ते कायमचं जाईल, ही धास्ती मला पुरेपूर वाटली होती. आता ती वाटत नाही. ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी गाडी पडून आहे, त्यांना याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

गाडीची रचना आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. पुढे वाफेच्या इंजिनासारखं दिसणारं प्लॅस्टिकचं इंजिन. त्याच्या पोटात छोटी मोटर, गिअर आणि समोर एक पिवळा दिवा. इंजिनामागे कोळशाचा डबा. त्यात दोन पेन्सिल सेल आणि वरच्या बाजूला सरकता स्विच. म्हणजे वीज एका डब्यात आहे आणि ती हवी दुसऱ्यात. दोघांच्या मधल्या जोडाखालून लाल आणि काळी अशा दोन बारीक तारा इंजिनात जातात. मागे दोन साधे डबे, रूळ लंबगोल. पुष्कळ गाड्यांत सेल आणि मोटर दोन्ही इंजिनातच असतात. तिथे तारा हलत नाहीत, त्यामुळे सुटल्याच तर सोल्डरच्या टाक्यापाशी सुटतात. आमच्या गाडीत मात्र त्या प्रत्येक वळणावर वाकत होत्या.

खुणा आधीपासून दिसत होत्या. वळणावर दिवा मिणमिणायचा, सरळ रुळावर आला की पुन्हा नीट लागायचा. इथे एक लक्षात ठेवण्यासारखं आहे: सेल उतरतात तेव्हा गाडी सगळीकडेच मंदावते. ती फक्त वळणावर अडखळत असेल, तर संशय तारेवर घ्यावा.

नवे सेल घातले. दिवा नाही, मोटर नाही. कोळशाचा डबा हातात धरून हलवला तेव्हा चाकं क्षणभर घर्र करून फिरली आणि थांबली. मुलगा लगेच म्हणाला, "आई, बरी होतीये ती." त्या एका क्षणामुळे मलाही वाटलं की हिच्यात अजून जीव आहे, मोटर जळलेली नाही.

गाडी 2023 च्या दिवाळीत साडेअठराशे रुपयांना ऑनलाइन घेतली होती. बिल मेलमध्ये सापडलं, वॉरंटीचं कार्ड खोक्यात. मुदत सहा महिने, म्हणजे मे महिन्यातच संपलेली. तरी 3 जूनला कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल केला. तो करताना खोक्यावरची माहिती पहिल्यांदाच नीट वाचली. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठीचं मानक आयएस 15644, आणि ते बॅटरीवरच्या खेळण्यांनाही लागू आहे. चिन्हाजवळ सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते कळतं. आमचा चालू होता. हा क्रमांक, बिलाची तारीख आणि दोष दिसेल असा छोटा व्हिडिओ या गोष्टी मेल करण्याआधीच तयार ठेवा, म्हणजे मधले दिवस वाचतात.

लगेच तक्रार क्रमांक आला. 6 तारखेला व्हिडिओ मागितला, तो मी दुसऱ्या दिवशी पाठवला. 12 जूनला उत्तर आलं. मुदत संपली आहे; पैसे भरून दुरुस्ती होऊ शकेल, पण खेळणं परराज्यातल्या केंद्रावर स्वतःच्या खर्चाने पाठवायचं; तपासणीचे साडेतीनशे रुपये वेगळे; चार ते सहा आठवडे लागतील; दुरुस्त होईलच असं नाही. कुरिअरचं जाणं-येणं धरून हिशेब नऊशेच्या आसपास जात होता. नुसती तार आणि सेलची पट्टी विकत मिळेल का, असं विचारलं. सुटे भाग देत नाही, असं उत्तर आलं. भाषा सौजन्याची होती आणि मुदत संपली होती हेही खरंच होतं, त्यामुळे माझी तक्रार त्या माणसांविषयी नाही. पण ज्या वस्तूत दोन तारा, दोन सेल आणि एक मोटर आहे, तिच्या वीतभर तारेसाठी सगळी गाडी परराज्यात पाठवावी लागावी, हे मला पटत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं; ते शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांसाठी. खेळण्यांनाही तिथे जागा मिळायला हवी.

मग कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, खेळणी नाही घेत आम्ही. उघडायलाच अर्धा तास जातो, आणि दोनशे रुपये सांगितले तर तुम्हालाच जास्त वाटतील." खरंच होतं ते. पण त्याने गाडी हातात घेतली, जोड डावीकडे-उजवीकडे वाकवला आणि बोट ठेवून म्हणाला, "इथून वाकतीये बघा तार. इथंच गेली असणार. घरी मीटर आहे का?" वीज मोजायचा मीटर नव्हता. पण दुरुस्ती घरी होऊ शकते हे पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं, आणि गाडी परत पिशवीत घालताना माझा निर्णय झाला होता.

16 जूनला, रविवारी, गाडी उघडली. त्यासाठी बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच आणला, 180 रुपयांचा. घरातले मोठे स्क्रू ड्रायव्हर अशा कामाला चालत नाहीत. खाचेत नीट न बसणारं टोक जोराने फिरवलं की खाच झिजते, आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. आमच्या इंजिनाला एक स्क्रू तीन कोनी खाचेचाही होता. मुलांना खेळणं सहज उघडता येऊ नये म्हणून कंपन्या असे स्क्रू लावतात. संचात तसं टोक आहे का ते घेतानाच बघा.

स्क्रू ठेवायला सासूबाईंनी इडलीपात्रातली जुनी ताटली दिली, आणि यापेक्षा सोयीची वस्तू मला सुचली नसती. एकाच गाडीतले स्क्रू दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो प्लॅस्टिक फोडून बाहेर येतो किंवा आतली तार दाबतो. म्हणून एका खळग्यात एका जागेचे स्क्रू, सोबत कागदाची चिठ्ठी. चिठ्ठ्या मुलाने लिहिल्या, म्हणजे बाण काढले. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो. तारांचे रंग कुठून कुठे जातात ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे; चार दिवसांनी आठवत नाही. स्क्रू काढल्यावरही कवच सुटत नव्हतं, कारण आतून प्लॅस्टिकचे आकडे होते. फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत नेलं तसे ते एकेक करून सुटले. सुरी घालू नका. कवचही जातं आणि बोटही.

आत बघितल्यावर भीती निम्मी झाली. एवढंसंच काय ते आत होतं. मोटरीला दोन पाय, त्यांना लाल आणि काळी तार. त्या दोन पायांच्या मध्ये मसुराच्या डाळीएवढी चपटी तपकिरी चकती, तिच्यावर 104 असा आकडा. तो कपॅसिटर, 0.1 मायक्रोफॅरडचा. मोटर फिरताना आत ज्या बारीक ठिणग्या उडतात, त्यांचा आजूबाजूच्या रेडिओला वगैरे होणारा त्रास तो कमी करतो. त्याला हात लावायचा नाही. दिव्याच्या तारा मोटरीच्या त्याच पायांवर जोडलेल्या होत्या.

इथे थांबून मी कागदावर विजेची वाट काढली. सेलच्या एका टोकापासून निघायचं, पट्टी, स्विच, लाल तार, मोटर, काळी तार, स्प्रिंग, आणि परत सेल. ही वाट एका जागी तुटली तरी सगळं बंद. शाळेत आपण सगळ्यांनीच हे शिकलेलं असतं. आमचा दिवाही बंद होता आणि मोटरही, म्हणजे वाट दोघांच्या फाट्याच्या आधीच कुठेतरी तुटलेली. दिवा लागत असता आणि मोटर बंद असती, तर दोष मोटरीत किंवा तिच्या पायांशी शोधायचा. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हा विचार केला तर निम्मी शोधाशोध टळते.

पहिला दोष डोळ्यांनीच दिसला. सेलच्या कप्प्यातल्या एका स्प्रिंगवर पांढरा-हिरवट थर बसला होता. आधीचे सेल अल्कलाइन होते आणि त्यातला एक गळला होता. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ते त्वचेला आणि डोळ्यांना घातक असतं. हातमोजे घाला, मुलाला दूर बसवा. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन लावलं की थर फसफसतो आणि सुटतो. मग ओलसर काडीने पुसायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रसही चालतो. साधे स्वस्त झिंक-कार्बन सेल गळतात तेव्हा गळलेलं द्रव्य आम्लधर्मी असतं, त्याला खायचा सोडा पाण्यात कालवून लावतात. गळती शेवटी बेतानेच पुसावी, कारण स्प्रिंगवरचा चकचकीत मुलामा खरवडून गेला की तिथे गंज लवकर धरतो.

स्प्रिंग स्वच्छ झाली, सुकली, सेल घातले. गाडी तशीच. मुलाला झोपताना सांगावं लागलं की एक दुखणं बरं झालं, दुसरं अजून सापडायचं आहे. त्याने विचारलं, "तिला दुखतंय का?" नाही म्हटलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

22 जूनला, शनिवारी, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान हवं असेल तर हीच जागा. गाडी लावायला जागा मिळत नाही, बसने जाणं बरं. आता तर मंडई आणि कसबा पेठ मेट्रो स्थानकं झाली आहेत, तेव्हा ती सुरू झाली नव्हती. दुकानाच्या काउंटरवर गर्दी असते आणि बाकीचे लोक सामानाचे नंबर भराभर सांगत असतात. मी तुटलेल्या भागाचा फोटो मोबाइलवर उघडून पुढे केला, आणि तेच सगळ्यात सोपं ठरलं.

"काय करताय, ताई?" काउंटरवरच्या काकांनी विचारलं.

"मुलाच्या आगगाडीची तार बदलायचीये. ही जोडाखालून वाकते."

"मग ही पीव्हीसीची नका घेऊ. सिलिकॉनची घ्या. आत बारीक तारांची जुडी असते, कितीही वाकली तरी लवकर तुटत नाही."

एकेरी जाड तांब्याची तार, जी घंटीच्या वायरिंगला वापरतात, ती अशा जागी मुळीच चालत नाही. थोड्या वेळा वाकवली की तुटतेच. काकांनी हे एक टोक हातात वाकवून तोडूनच दाखवलं.

घेतलेलं सामान असं: साधा डिजिटल मल्टीमीटर 280 रुपये, 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न 220, त्याचा स्टँड 60, बिनशिशाचं सोल्डर 120, सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट 30, टाक्यावर चढवायची, उष्णतेने आक्रसणारी नळी म्हणजे स्लीव 20, आणि लाल-काळी सिलिकॉन तार मीटर-मीटर, दोन्ही मिळून 40. एकूण 770, आणि आधीचा स्क्रू ड्रायव्हरचा संच धरून 950. म्हणजे कंपनीकडे पाठवण्याइतकाच खर्च झाला. फरक एवढाच की हत्यारं आता घरात आहेत. कुणाकडून मीटर आणि सोल्डरिंग आयर्न उसनं मिळालं तर पुढचा खर्च दोनशेच्या आसपासच येतो.

सोल्डरबद्दल थोडं. दुकानात सहसा 60/40 देतात, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं. ते 183 अंश सेल्सिअसपासून वितळू लागतं आणि नवख्या हाताला सोपं जातं. बिनशिशाचं सोल्डर साधारण 217 अंशांच्या पुढे वितळतं, महागही असतं, आणि त्याचा टाका तितका चकचकीत दिसत नाही. तरी मुलाच्या खेळण्यात मी शिसं घालणार नव्हते. 60/40 वापरणार असाल तर काम झाल्यावर साबणाने हात धुणं आणि टेबल ओल्या फडक्याने पुसणं टाळू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर घेऊन बसले. मीटरची काळी वायर कॉम लिहिलेल्या भोकात, लाल व्होल्ट लिहिलेल्या भोकात, खटका डीसीच्या 20 व्होल्टवर. नव्या सेलवर 1.58 दिसलं. दोन सेल कप्प्यात बसवून दोन्ही टोकांना मोजलं, 3.14. स्विच चालू करून त्याच्या पलीकडच्या पायावर मोजलं, 3.14. म्हणजे स्प्रिंग, पट्टी, स्विच सगळं ठीक. मग इंजिनात मोटरीच्या पायांवर टोकं ठेवली. शून्य. जोड थोडा वाकवला, 3.1. सोडला, पुन्हा शून्य. एवढ्या दिवसांनी दोष असा आकड्यात समोर आला तेव्हा मला हायसं वाटलं. वाट तिथे डब्यापासून इंजिनापर्यंतच्या दोन तारांमध्येच तुटत होती, दुसरीकडे कुठे नाही.

दोघींपैकी कोणती, ते शोधायला मीटरचा आवाजाचा खटका, म्हणजे कंटिन्युटी; वाट सलग असली तर मीटर वाजतो. त्याआधी सेल काढून ठेवायचे आणि स्विच बंद करायचा. हे महत्त्वाचं आहे. मोटरीच्या आतल्या वेढ्यांचा रोध अगदी कमी असतो, त्यामुळे वाट दुसरीकडून जोडलेली राहिली तर मीटर मोटरीतून फिरून वाजतो आणि तुटलेली तार चांगली वाटते. काळ्या तारेच्या दोन टोकांना मीटरची टोकं लावली, सलग वाजला, वाकवली तरी वाजत राहिला. लाल तार वाजली, वाकवली, गप्प झाली.

बाहेरून लाल तार अखंड होती. कुठे चीर नाही, डाग नाही. तिच्यावर बोटं फिरवत हलकेच ओढत गेले. जोडाच्या अगदी खाली एका जागी आवरण रबरासारखं ताणलं गेलं, बाकी कुठे ताणलं जात नव्हतं. आत तांबं असतं तिथे आवरण ताणलं जात नाही. तिथेच कापून बघितलं तर आतल्या बारीक तारा तुकडे होऊन पडल्या होत्या, आणि त्यांची टोकं काळी. गळलेल्या सेलचा परिणाम तारेच्या आवरणाखालून आत सरकतो आणि तांबं काळं पडत जातं. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही. म्हणून नुसता तुटलेला भाग जोडायचा विचार सोडला. दोन्ही तारा पूर्ण बदलायच्या ठरवल्या. काळी आज वाजत होती, पण तीही तितकीच वाकलेली होती.

सोल्डरिंग त्याच दिवशी संध्याकाळी केलं. सासरे मुलाला पेशवे उद्यानातल्या फुलराणीत बसवायला घेऊन गेले, म्हणजे घरात तापलेलं हत्यार असताना तो आसपास नसणार याची खात्री झाली. लहान मुलं असलेल्या घरात हे काम ती घरात नसतानाच करा. आयर्नचं टोक तीनशे अंशांच्या वर तापतं, बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतं, आणि बघून ते कळत नाही. खिडकी उघडी ठेवली. जो धूर निघतो तो पेस्ट आणि राळेचा असतो, पण तोही नाकात जाऊ देऊ नये.

आधी एका जुन्या चार्जरच्या तारेवर सराव केला. आयर्न सोल्डरला लावायचं नाही, तारेला लावायचं. तार तापली की सोल्डर तिलाच लावायचं, ते आपोआप आत शोषलं जातं. सोल्डर वर गोळा होऊन बसलं तर तो टाका पुढे निखळतो. हे हाताला कळेपर्यंत सराव चालू ठेवला. मग नव्या तारांची टोकं सोलून, पिळून, त्यांना आधीच सोल्डर लावून ठेवलं.

सेलच्या पट्ट्यांना तार जोडताना पट्टी प्लॅस्टिकच्या खाचेतून बाहेर काढून घ्या. जागेवरच तापवली तर खाच वितळते आणि पट्टी पुन्हा घट्ट बसत नाही. मोटरीच्या पायावर आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. पाय ज्या प्लॅस्टिकच्या झाकणात रोवलेले असतात ते मऊ पडलं की आतले ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, जागचे हलतात, आणि मग चांगली मोटर निकामी होते. इथेच माझा हात सगळ्यात जास्त थरथरत होता. जुनी तार काढली, कपॅसिटर आणि दिव्याच्या तारा जागेवर आहेत ते बघितलं, नवी तार टेकवली, आयर्न, सोल्डर, उचललं. फुंकर न घालता थंड होऊ दिलं. ओढून बघितलं. धरला होता.

स्लीव तार जोडण्याआधीच तारेत ओवून ठेवावी लागते, नंतर ती जात नाही. टाका झाला की ती त्याच्यावर सरकवून आयर्नच्या बाजूची ऊब दाखवली की आक्रसून बसते.

आता मुख्य गोष्ट, ज्यामुळे तार मुळात तुटली ती. जुन्या तारा मोजून-मापून लावलेल्या होत्या, वळणावर त्यांना सैलपणाच नव्हता, आणि ताण थेट टाक्यावर येत होता. मी दोन्ही तारा दोन-अडीच सेंटिमीटर जास्त ठेवल्या. डब्यातून बाहेर पडायच्या भोकाच्या आतल्या बाजूला दोन्ही तारांची मिळून एक गाठ मारली, इंजिनाच्या भोकाच्या आतही तशीच. आता कुणी डबा खेचला तर ओढ गाठीवर येते, टाक्याला कळतही नाही. आणि तारा जोडाखालून न नेता वरून नेल्या, म्हणजे रुळाला घासत नाहीत. कुठलंही खेळणं दुरुस्त करा, तार का तुटली ते शोधल्याशिवाय कवच बंद करू नका.

जोडताना लाल-काळी उलट झाली तर घाबरू नका. मोटर बिघडत नाही, गाडी मागे धावते एवढंच. दिवा एलईडीचा असेल तर तो मात्र लागणार नाही.

गाडी उघडलेली होतीच, म्हणून चाकांचे आसही बघितले. त्यांच्यावर केस आणि सतरंजीचे धागे इतके गुंडाळले होते की चाक बोटाने फिरवायला जोर लागत होता. चिमट्याने काढले. अडकलेल्या मोटरीतून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह वाहतो, मोटर तापते आणि सेल लवकर संपतात. गिअरना थोडं पांढरं ग्रीस लावलं. खोबरेल घालू नका. पुण्याच्या थंडीत ते गोठतं आणि गिअर जाम होतात.

सेल घातले, इंजिन हातात उलटं धरलं, स्विच सरकवला. चाकं फिरली. दिवा लागला. गाडी चालू असताना मीटर लावून बघितलं: सेलच्या टोकांवर 2.9, मोटरीच्या पायांवर 2.8. एवढा फरक चालतो. तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे असता, तर कुठला तरी टाका किंवा स्विच वीज खातो आहे असं समजायचं. नुसती चाकं फिरली म्हणजे झालं असं न मानता हे मोजणं करून घ्यावं. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी एकटीच उभी होते आणि डोळे भरून आले, ते का ते मला नेमकं सांगता येणार नाही.

कवच लगेच लावलं नाही. आठवडाभर गाडी उघड्या पाठीनेच वळणांवर चालवून बघितली. त्या वेळी मी शेजारी बसायची आणि मुलगा फक्त स्विच चालवायचा. 30 जूनला इडलीपात्रातले स्क्रू चिठ्ठ्यांप्रमाणे परत गेले. स्क्रू हाताला घट्ट लागेपर्यंतच फिरवायचे, प्लॅस्टिकचे आटे फार सोसत नाहीत.

मुलाशी एक करार झाला. धावती गाडी हाताने धरून ठेवली की मोटर अडकते आणि सगळा ताण तारांवर आणि गिअरवर येतो, हे त्याला चाक बोटाने धरून आणि मोटरीचा बदललेला आवाज ऐकवून दाखवलं. आता तो स्टेशनावर स्विच बंद करतो. घोषणा संपली की चालू. खेळून झाल्यावर सेल काढून ठेवायचं कामही त्याच्याकडे आहे. सेल बदलताना दोन्ही एकदम आणि एकाच प्रकारचे बदलतो. एक नवा एक जुना असा घातला की जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो, आणि मग तो जुनाच गळतो. संपलेले सेल वेगळ्या डब्यात जमवून ई-कचऱ्यात देतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत.

ऑगस्टमध्ये सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीची बॅटरीवरची मोटारगाडी बंद पडली होती आणि ती टाकून द्यायच्या बेतात होते. "ताई, तुझी आगगाडी कशी केलीस गं?" मी विचारलं, दिवे लागतात का. लागत होते. मग सेल, स्प्रिंग, स्विच सोडून दे म्हटलं, मोटरीपाशी बघ. व्हिडिओ कॉलवर तिने ती उघडली. मोटरीच्या एका पायावरचा टाका निखळून काळी तार लोंबत होती. बाकी सगळं धड होतं. तिच्याकडे सोल्डरिंग आयर्न नाही, म्हणून माझं, उरलेली स्लीव आणि सोल्डर असं सगळं एका डब्यात घालून गणपतीला सांगलीला नेलं. पाय दोन सेकंदांपेक्षा जास्त तापवायचा नाही हे तिला फोनवर सांगितलं होतंच; तिथे गेल्यावर टाका तिनेच मारला.